एका पाटावरचे दोन वाफे

कोल्हापूर

चि. बाळास,

परवा तुझा फोन झाल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. एर्बियमच्या लेसरमध्ये दोन तरंगलांब्या एकदम उठतात, पाच मिनिटांत एक विझते, आणि तू पंपाची पॉवर वाढवतोस. ते आधी थांबव.

लहानपणी तू माझ्याबरोबर उसात दारं धरायला यायचास. पंचगंगेचं पाणी एकाच पाटातून दोन वाफ्यांना जायचं. एकाचं तोंड जरा सैल राहिलं की दुसरा कोरडा. मोटर मोठी बसवून तो कधी भिजला नाही.

तुझ्या लेसरचंही तसंच आहे. 980 नॅनोमीटरच्या पंपाने चेतलेले एर्बियमचे आयन खोलीच्या तापमानाला जवळजवळ एकसारखे वागतात. 1550 च्या आसपासच्या दोन रेषांपैकी एक किंचित वरचढ झाली की ती सगळ्यांचीच ऊर्जा उपसते. फायबर द्रव नायट्रोजनमध्ये, 77 केल्विनला, बुडवलं की दोन्ही रेषांचे आयन बरेचसे वेगळे पडतात. उपाय खरा आहे, पण रोज नायट्रोजन ओतून चालणारा लेसर प्रयोगशाळेबाहेर कोण नेणार? माझा कौल ध्रुवीकरण राखणाऱ्या फायबरवरच्या ब्रॅग ग्रेटिंगला. एकाच ग्रेटिंगमधून दोन परावर्तनं मिळतात, एकमेकांना काटकोनात ध्रुवीकरण झालेली, आणि प्रत्येक रेषेला आयनांचा थोडा निराळा वाटा मिळतो. तापमान एक अंश वाढलं तर दोन्ही रेषा साधारण 0.01 नॅनोमीटर सरकतात, पण बरोबरीने, म्हणून त्यांच्यातलं अंतर फारसं हलत नाही. तुला हवं आहे ते हे अंतरच. 0.4 नॅनोमीटर म्हणजे सुमारे 50 गिगाहर्ट्झ. दोन्ही प्रकाश वेगवान डिटेक्टरवर एकत्र पडले की तीच मायक्रोवेव्ह मिळते.

आता खरी काळजीची गोष्ट. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर दोन शिखरं दिसली म्हणून खूश होऊ नकोस. तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सावकाश मोजत जातो आणि सरासरी काढतो. दोन रेषा आळीपाळीने भराभर पेटत असल्या तरी पडद्यावर दोन्ही शांत उभ्या दिसतील. म्हणून फिल्टर लावून एकेक रेषा वेगळी काढ, तिला स्वतंत्र डिटेक्टर दे, आणि दोन्ही एकाच वेळी ऑसिलोस्कोपवर बघ. एक वर जाताना दुसरी खाली येत असेल, तर भांडण मिटलेलं नाही.

फायबर टेबलाला चिकटवून ठेव. ते नुसतं हाताने हललं तरी ध्रुवीकरण बदलतं. कनेक्टर दरवेळी पुसून जोड. आणि बाळा, पंप चालू असताना फायबरच्या टोकात कधीही डोकावू नकोस. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो.

दोन शिखरांचा फोटो मला नको. दोन्ही रेषांच्या पॉवरचा सलग दोन तासांचा आलेख काढ, जशी येईल तशी नोंद ठेव, आणि बिघडलेला असला तरी तोच मला पाठव.

तुझा,
मामा