दुखणाइताने वडिलांस वेळीच बोलवावे

(शास्त्रपाठ : याकोब ५:१३-१६)



असे समजा की आषाढाचे दिवस आहेत. मुळशी तालुक्यातील रिहे गावच्या खोऱ्यात पावसाची झड लागली आहे, भातलावणी चालू आहे, आणि एका ख्रिस्ती घराचा धनी तापाने अंथरुणास खिळला आहे. शेजारी म्हणतो, "देवऋषीकडून अंगारा आणा." मुलगा म्हणतो, "बाबांना पौडास दवाखान्यात नेऊ." पुण्याहून आलेली नणंद म्हणते, "वहिनी, आमच्या शेजारच्या कॅथलिक घरी फादरांनी येऊन आजाऱ्यास तेल लावले व प्रार्थना केली. तुम्ही आपल्या मास्तरांस का बोलवीत नाही?" हे ऐकताच घरची बाई घाबरून म्हणते, "अहो वन्सं, तेल लावायचे म्हणजे शेवटच आला की काय!"

अशा घरी उपदेशकाने जाऊन काय सांगावे, याचा आज विचार करू.

याकोबाचे सांगणे अगदी साधे आहे. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांस बोलवावे. त्यांनी प्रभूच्या नावाने त्यास तेल लावून प्रार्थना करावी. प्रभु त्यास उठवील व त्याने पाप केले असल्यास त्याची क्षमा होईल. येथे मरणाची तयारी सांगितलेली नाही, तर उठण्याची आशा सांगितली आहे. त्या काळी तेल हे शुश्रूषेचे साधन होते. दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या घायांवर तेल व द्राक्षारस ओतला (लूक १०:३४), आणि बारा शिष्यांनीही पुष्कळ रोग्यांस तेल लाविले (मार्क ६:१३). आपल्या घरांतही तान्ह्या बाळास व थकल्या म्हाताऱ्यास तेल लावणारा हात मायेचाच असतो.

मग या तेलाचे भय कोठून आले? मध्ययुगात पश्चिमेकडील मंडळीत हा विधी हळूहळू मरणशय्येपुरताच उरला व त्यास 'शेवटचा अभ्यंग' असे नाव पडले. डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांस तेल लावून त्या त्या इंद्रियाने घडलेल्या पापांची क्षमा मागत. साहजिकच धर्मगुरू दारात दिसले की घरात रडारड सुरू होई, आणि म्हणून लोक त्यांस बोलावण्याचे लांबणीवर टाकीत. १५२० साली मार्टिन लूथर यांनी आक्षेप घेतला की याकोब मरणाऱ्यांविषयी नव्हे, तर बरे होऊ पाहणाऱ्या रोग्यांविषयी बोलतो. १५५१ साली ट्रेंट येथील धर्मसभेने मात्र हा सात संस्कारांपैकी एक असल्याचे ठामपणे सांगितले. इंग्लंडच्या मंडळीने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात हा विधी ठेविला व १५५२ च्या पुस्तकातून काढून टाकिला. अशा रीतीने एकीकडे तेल शेवटच्या घटकेसाठी राहिले, तर दुसरीकडे तेलही गेले, आणि पुष्कळदा त्याबरोबर दुखणाइताच्या घरी जाण्याची वडिलांची चालही मंदावली. यातला दुसरा दोष आपला आहे, तो आपण कबूल करावा.

आपल्या कॅथलिक बंधूंनी आपली रीत तपासून पाहिली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९६३ साली व्हॅटिकन येथील धर्मसभेने ठरविले की या विधीस 'आजाऱ्यांचा अभ्यंग' म्हणणे अधिक योग्य आहे, व तो केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. १९७२ साली पोप सहावे पौल यांनी नवी रीत घालून दिली. तीप्रमाणे कपाळास व हातांस तेल लावितात, आणि जैतुनाचे तेल न मिळाल्यास दुसरे वनस्पतीचे तेल चालते. गंभीर दुखणे, मोठी शस्त्रक्रिया किंवा वार्धक्याची क्षीणता असली तरी हा विधी होतो, व पुढे गरज पडल्यास पुन्हाही होतो. त्यांच्यात व आपल्यात भेद आहेच. ते यास संस्कार मानितात व तो धर्मगुरूनेच करावा असे म्हणतात. आपण बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानितो. परंतु दुखणाइतास वेळीच बोलावणे पाठवू द्यावे, हा धडा त्यांच्याकडून घेण्यास लाज कसली?

आता त्या शेजाऱ्याच्या अंगाऱ्याकडे वळू. उपदेशक बंधूंनो, येथे फार जपा. काल अंगारा घेणारा मनुष्य आज तेलाकडेही त्याच डोळ्यांनी पाहील. मंतरलेले तेल म्हणून बाटल्या विकणारा कोणी आला, तर त्यास दारातूनच परत पाठवा. सामर्थ्य तेलात नाही, लावणाऱ्याच्या हातातही नाही. ज्याच्या नावाने प्रार्थना होते त्या प्रभूत आहे. म्हणून तेल लाविले वा न लाविले तरी प्रार्थना चुकवू नका, आणि त्याबद्दल एक पैसाही घेऊ नका.

मुलाचे म्हणणेही टाकू नका. लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस मिशन दवाखाना उघडला, तो प्रार्थनेवर भरवसा नव्हता म्हणून नव्हे. दुखणे भारी दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत उशाशी बसून प्रार्थना करा. दोन्ही कामे एकाच देवाची आहेत.

आणि रोगी बरा झाला नाही तर? तर 'तुझा विश्वास उणा पडला' असे शब्द कोणाच्या तोंडून निघू नयेत. पौलाने त्रफिमास मिलेतात आजारीच ठेविले (२ तीमथ्य ४:२०), आणि त्याच्या स्वतःच्या देहातला काटाही निघाला नाही. अंथरुणावरच्या मनुष्यावर रोगाचे ओझे आहेच; त्यावर दोषाचे ओझे घालणारा हा याकोबाने सांगितलेला वडील नव्हे. ज्यास प्रभु या अंथरुणावरून उठवीत नाही, त्यास तो शेवटल्या दिवशी उठवील.

तेव्हा, बंधूंनो, आपल्या मंडळीत कोण दुखणाईत आहे याची या आठवड्यातच विचारपूस करा. दोघे मिळून जा. थोडे वाचा, थोडे बोला, पुष्कळ ऐका, त्याचा हात हाती घ्या. तुम्ही निरोगी घरीही जात राहिलात, म्हणजे तुमची पावले दारात वाजताच कोणी बाई भिणार नाही, ती म्हणेल, "या मास्तर, आम्ही तुमचीच वाट पाहत होतो."

प्रभु आपल्या सर्व दुखणाइतांस सांत्वन देवो. आमेन.