उजवा हात आणि डावखुरे मूल

जगाच्या पाठीवर कोठेही पाहिले तरी दहांपैकी सुमारे नऊ माणसे उजव्या हाताची आढळतात. हे केवळ आईवडिलांच्या वळणाने घडत नाही. सोनोग्राफीत मातेच्या उदरातील बहुतेक अर्भके उजवाच अंगठा चोखताना दिसली आहेत. उजव्या हाताची सूत्रे मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात. या गोष्टीत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि तरीही एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एक उजवा तर दुसरा डावखुरा निघू शकतो. सूरह रूममध्ये अल्लाहने माणसांच्या भाषा व वर्ण यांतील भेदाला आपली निशाणी म्हटले आहे. हातांचा हा भेदही त्याच निर्मात्याच्या कारागिरीचा आहे.

आता धर्माची शिकवण पाहू. माननीय आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांना पादत्राणे घालणे, केस विंचरणे, वुजू करणे अशा कामांत उजव्या बाजूने आरंभ करणे प्रिय होते. खाणेपिणे उजव्या हाताने, तर शौचशुद्धी व नाक स्वच्छ करणे डाव्या हाताने, ही वाटणी आपणांस ठाऊक आहे. तिच्यात स्वच्छता आहे आणि अदबही. अरबीत ‘यमीन’ म्हणजे उजवा आणि ‘युम्न’ म्हणजे बरकत, हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत.

मात्र काही घरांत याच शिकवणीचा बडगा होतो. डावखुऱ्या मुलाला सैतान डाव्या हाताने खातो, एवढेच सांगितले जाते. त्याच्या हातावर फटका बसतो. अंतिम निर्णयाच्या दिवशी दुराचाऱ्यांचे कर्मपत्र डाव्या हाती दिले जाईल, हेही ते ऐकते आणि आपण त्यांच्यापैकीच आहोत असे समजून बसते. सात वर्षांच्या जिवाला याहून मोठी भीती कोणती? कर्मपत्र कोणत्या हाती येईल ते कर्मांवरून ठरेल. लेखणी कोणत्या हातात धरली होती यावरून नव्हे. इतिहासग्रंथांत माननीय उमर (रजि.) दोन्ही हातांनी सारखेच काम करीत, असे वर्णन आहे.

हदीसमध्ये जेवणाचे दोन प्रसंग आहेत. एका माणसाला प्रेषितांनी (स.) उजव्या हाताने खाण्यास सांगितले, तेव्हा त्याने जमत नसल्याचे उत्तर दिले. त्याला अडवणारा केवळ अहंकार होता, आणि त्यानंतर त्याचा तो हात तोंडापर्यंत उठू शकला नाही. दुसरा प्रसंग उमर इब्ने अबू सलमा (रजि.) यांचा. हे प्रेषितांच्या (स.) घरी वाढलेले बालक. जेवताना त्यांचा हात थाळीभर फिरत होता. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचे नाव घेण्यास, उजव्या हाताने व आपल्या समोरचे खाण्यास सांगितले. पुढे आयुष्यभर आपण तसेच जेवत आलो, असे ते स्वतः सांगतात. कठोरता अहंकाराच्या वाट्याला आली आणि बालकाच्या वाट्याला माया. आपण मात्र पुष्कळदा पहिल्या प्रसंगाचा दंड दुसऱ्यातील बालकाला देतो.

मग डावखुऱ्या मुलाचे काय करावे? दस्तरख्वानवर घास उजव्या हाताने घेण्याची सवय लहानपणापासून गोडीने लावावी. बहुतेक मुलांना ती जमते, कारण घास उचलण्यास अक्षर वळविण्याइतके कौशल्य लागत नाही. लिहिणे, चित्र काढणे, सुई चालविणे, चेंडू फेकणे मात्र ज्या हाताने सुचेल त्या हाताने करू द्यावे. (उर्दू-अरबी उजवीकडून डावीकडे लिहिताना डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून फिरत नाही, ही त्याची एक सोयच!) उजवा हात जखमी किंवा अधू असेल तर डाव्या हाताने खाण्यात दोष नाही, असे इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे. आपल्या कोकणातील शाफई घराण्यांना हे नाव परिचित आहेच. कोणाही जिवावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकला जात नाही, हे सूरह बकरहच्या अखेरीस आपण वाचतो, आणि ती आयत बहुतेक घरांत मुलांनाही पाठ असते.