लाजवून केलेली सुधारणा

फज्रची अजान आणि 'गुड मॉर्निंग पथका'ची शिट्टी एकाच सुमारास कानी पडत असे, ते दिवस हिंगोली जिल्ह्यातील अनेकांना आठवत असतील. गाव हागणदारीमुक्त करण्यासाठी कर्मचारी पहाटे वेशीवर उभे राहत. टमरेल घेऊन जाणाऱ्याच्या हाती कुठे गुलाबाचे फूल दिले जाई, कुठे त्याचे छायाचित्र काढले जाई, तर कुठे पोलीस कारवाईचा धाक घातला जाई. एकदा नमाजला जाताना भिंतीच्या आडोशाला पदराने तोंड झाकून उभी असलेली एक वृद्ध माता मला दिसली. तिला सलाम करण्याचेही धैर्य मला झाले नाही.

स्वच्छतेबद्दल वाद नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाकीला ईमानचा अर्धा भाग म्हटले आहे आणि लोकांच्या वाटेवर किंवा सावलीत शौचास बसण्यापासून सावध केले आहे. प्रश्न मार्गाचा आहे.

रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या अमेरिकी अभ्यासकांनी 2008 साली एका ग्रंथाद्वारे 'नज' ही संकल्पना रूढ केली. निवडीची मुभा कायम ठेवून माणसाला हिताच्या दिशेने हलकेच वळवणे, असा तिचा अर्थ. केंद्र शासनाच्या 2018-19 च्या आर्थिक पाहणी अहवालात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात स्वच्छ भारत अभियानाचे उदाहरण दिलेले आहे. आपल्यालाही ही रीत परकी नाही. मशिदीच्या दाराशीच वुजूखाना असतो; पाणी समोर दिसले की आळस गळून पडतो. मात्र वुजूखाना कोणाला चारचौघांत उभे करून लाजवत नाही. ते गुलाबाचे फूल दिसायला कोमल होते, परंतु देण्याचा हेतू लाजवण्याचाच होता.

यावर काही जण म्हणतात, "लाज वाटली म्हणूनच तर घरोघरी शौचालये झाली." काही घरांपुरते ते खरेही असेल. परंतु हया, जी ईमानची शाखा आहे, ती मनातून उगवते. ती माता अंधारात बाहेर पडली होती ती हयेपोटीच. पथकाने विजेरीच्या झोतात नेमके तेच आवरण ओढून काढले. सूरह अल-हुजुरातच्या 11 व्या आयतीत इतरांची थट्टा करण्यास मनाई आहे आणि 12 व्या आयतीत पाळत ठेवण्यास. ही मनाई चांगल्या हेतूने शिथिल होते, असे मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

एक ग्रामीण अरब मस्जिदे नबवीतच लघवीला बसला, ही हदीस आपण ऐकली आहे. सहाबा त्याच्यावर धावून जाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, त्याचे आटोपू दिले, मग त्या जागी पाण्याची बादली ओतवली आणि मशिदी कशासाठी असतात हे त्याला समजावले. तेथे आधी माणूस सांभाळला गेला, मग पाणी आले, मग उपदेश. आपल्याकडे शिट्टी आधी आली. शौचालयाचे 12,000 रुपयांचे अनुदान बहुधा बांधकाम झाल्यावर मिळे. मोलमजुरी करणाऱ्याने तोवर पैसे कोठून आणावेत? आणि उन्हाळ्यात पिण्याची घागरही डोक्यावरून आणणाऱ्या घराने शौचालयात पाणी कोठून ओतावे?

हा दोष केवळ शासकीय पथकांचा नाही. वर्गणी न दिलेल्यांची नावे मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून वाचण्याची प्रथा मी स्वतः काही वर्षे पाळली. गेल्या रमजानमध्ये ती यादी मी घडी करून खिशात ठेवली. वर्गणी थोडी कमी जमली. त्यावरून विश्वस्त मंडळी अजून माझ्यावर नाराज आहेत.