समुद्र आपला कोण लागतो?

दोस्तांनो, ज्यांनी आपल्यासाठी कधी बोट हलवलं नाही त्यांच्या लढ्यात आपण उतरायचं का? पालघर जिल्ह्यात वाढवणच्या बंदराविरुद्ध मच्छीमार लढताहेत. जयंतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे त्यांच्या संघर्ष समितीला द्यावेत, असं मी अंबडच्या आमच्या मंडळात बोललो आणि एकच कालवा झाला. कोळ्यांचा दर्या कोळी बघतील, ते नामांतराला आले होते का? एकाने तर बाबासाहेबांनाच पुढं केलं. म्हणाला, बाबासाहेब कारखानदारीच्या बाजूचे, खेड्याच्या नव्हे. बंदर झालं तर आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील. गावं मोडली तर मोडू देत.

पहिल्या मुद्द्याला उत्तर देता येतं. ह्या शेवटच्याला नुसतं हसून चालणार नाही. तो खोटं बोलत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या कौतुकाची सालटी काढली होती. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांनीच पुढं रेटली. धरण, वीज, यंत्र हवं म्हणणारा आपला बाप. त्यामुळे 'समुद्र आमची आई' म्हणून कुणी गहिवरलं की मी सावध होतो. गावकीचं गुणगान चालू असतं तेव्हा आपली वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे मी आधी बघतो.

पण बाबासाहेबांनी यंत्र मागितलं ते कुणासाठी? मालकाच्या तिजोरीसाठी नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: बंदराचा फायदा कुणाला, आणि त्याची किंमत कोण भरणार?

वाढवणचा हिशेब असा. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने १९९६ साली न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि १९९८ ला त्याने हे बंदर नाकारलं. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत गेले. २०२० ला केंद्राने बंदर पुन्हा उकरून काढलं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, एप्रिल २०२४ ला हायकोर्टाने विरोधातले अर्ज फेटाळले, ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. शहात्तर हजार दोनशे वीस कोटींचं काम. समुद्रात भराव टाकून चौदाशे हेक्टरांवर नवी जमीन करायची. जिथं जमीन होणार, तिथं मासा अंडी घालतो आणि लहान होडीवाला जाळं टाकतो. किनाऱ्यावर बाई बोंबील सुकवते. चिंचणी-वरोरकडे घराघरात दागिन्यांच्या डाया कोरणारे कारागीर आहेत, त्यांचंही पोट ह्याच गावांत.

आता नोकऱ्या. उरणला न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. त्यासाठी जुना शेवा कोळीवाडा उठवून हनुमान कोळीवाड्यात बसवला. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि नीट पुनर्वसन मागण्यात माणसांच्या पिढ्या गेल्या. त्याच पट्ट्यात जानेवारी १९८४ ला जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण मेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. पण कुणाला? ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. खाडीत मासे धरणाऱ्याच्या नावावर काय होतं? २०१५ साली हरित लवादाने उरणच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख भरपाई द्या असं सांगितलं. बंदर सुरू झाल्यावर सव्वीस वर्षांनी.

इथं माझं डोकं अडकलं आणि इथंच मला उत्तर सापडलं. समुद्राला सातबारा नसतो. नाव नाही, खातं नाही, गट नंबर नाही. साहेब विचारतो, कागद दाखव. बाप-आजा ह्या पाण्यावर जगले, हा काही कागद नव्हे. दोस्तांनो, हे वाक्य आपण कितीदा ऐकलंय! कुठंही वसाहत आली की भरपाई सातबाऱ्यावर येते. त्याच रानात राबणाऱ्या मजुराला कोण विचारतं? आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनकागदाचं जगलो. कोळी, मांगेला, दर्यावर जगणारा तोच अनुभव आज घेतोय.

दादासाहेब गायकवाड आपल्या नाशिक जिल्ह्यातले. १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक सरकारी जमीन कसणाराला द्या म्हणून लाखो लोक जेलात गेले. त्या वेळी गाव आपल्या विरोधात होतं. गायरान सगळ्यांचं आहे, असं तेव्हा गाववाले म्हणत. त्या 'सगळ्यांत' आपण नव्हतो. म्हणून सामाईक हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. तरी एवढं कळतं की सामाईक पाण्यावर कंपनीचं कुंपण पडलं की भांडायला जागाच उरत नाही. गाववाल्याशी भांडता येतं. ते आपण चवदार तळ्यावर करून दाखवलंय.

आणि त्याच महाडला बाबासाहेब डिसेंबर १९२७ मध्ये कसे गेले? समुद्रातून. पद्मावती बोटीने दासगाव बंदरात उतरले. धरमतरवरून गेलो आणि मोटरवाल्यांनी बसू दिलं नाही तर काय, ही धास्ती होती. दासगावपासून महाड पाच मैल, तेवढं पायी तुडवता येत होतं. रस्त्याला मालक होता. पाण्याला नव्हता.

'अंबडहून समुद्र दिसत नाही' हे मात्र मान्य. नाकाला कळतो तेवढाच. सातपूर-अंबडचं सांडपाणी नासर्डीत, नासर्डी गोदावरीत, गोदावरी थेट आंध्रात अंतर्वेदीला. तिथं जाळं टाकणाऱ्याच्या ताटात आपल्या शिफ्टचं पाणी जातं. तारापूरच्या वसाहतीचं पाणी तर सरळ खाडीत आणि समुद्रात, म्हणून मांगेला समाज परिषद २०१६ साली हरित लवादात गेली. मशीन आपण चालवतो, व्हॉल्व्ह कुणाच्या हुकमाने उघडतो हेही आपल्यालाच ठाऊक. आणि बंदराचा मालरस्ता तव्यावरून इगतपुरीच्या भरवीरला आणायचं सरकारने २०२५ ला ठरवलंय. म्हणजे वाढवण नाशिकच्या दारात आलंच.

तेव्हा जायचं, पैसेही द्यायचे. पण मान खाली घालून नाही. तिथं गेल्यावर समितीला खलाशांचं विचारायचं. बोटीचा मालक नाखवा, चालवणारा तांडेल, आणि जाळं ओढणारा? डहाणू-तलासरीचे आदिवासी पोरगे गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात, सरहद्द ओलांडली म्हणून कराचीच्या जेलात सडतात. त्यांच्या घरची बाई मोर्चात कुठल्या रांगेत आहे? पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध लहान मच्छीमार लढले आणि २०१६ ला सरकारला बंधनं घालावी लागली. म्हणजे मच्छीमारांतही वरचा-खालचा आहे. वरळीच्या कोळ्यांनी सागरी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० करून घेतलं, ते २०२२ च्या डिसेंबरात. म्हणजे हट्ट धरला की सरकार नमतं.

आपल्यातल्या काहींना वाटतं, आधी त्यांनी जात टाकावी, मग आपण येऊ. हा व्यवहार मला पटत नाही. मिलमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवरचा माझ्या घरी पाणी पीत नाही, तरी पगारवाढीच्या गेटसभेला आम्ही दोघं शेजारी उभे राहतो. त्याला मी पाण्याचं सोडलेलं नाही, दर आठवड्याला टोकतो. समितीलाही तसंच टोकायचं. त्यांच्या मांडवात बसून, त्यांच्या घरचा चहा मागून. चहा कुठल्या कपात येतो ते बघायचं, आणि जे दिसेल ते पुढच्या अंकात छापायचं.