विटाळ कशाचा, सावधपण कशाचे?

वेदांतशास्त्रात अज्ञानाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत. एक आवरण, दुसरी विक्षेप. जे आहे ते झाकून ठेवणे हे आवरणाचे काम आणि जे नाही ते उभे करून दाखविणे हे विक्षेपाचे. अंधारात दोरी पडलेली असते. तिचे दोरीपण झाकले जाते आणि तिच्या जागी साप दिसू लागतो. हा दृष्टांत आपण कीर्तनातून कितीदा तरी ऐकला आहे. परंतु तो ब्रह्मनिरूपणापुरताच आहे असे नव्हे. रोजच्या व्यवहारातही तो उपयोगी पडतो. आज एका रोगाच्या बाबतीत तो लावून पाहू. तो रोग म्हणजे एड्स. प्रश्न असा की, ज्याला हा रोग जडला त्याला दूर ठेवण्यात धर्म आहे की अधर्म?

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. १९८१ साली अमेरिकेत डॉक्टरांना या रोगाचे रोगी प्रथम ओळखू आले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याच्या मुळाशी असलेला विषाणू सापडला, त्यालाच एच.आय.व्ही. म्हणतात. १९८६ साली मद्रासला आपल्या देशातील पहिली लागण उघडकीस आली. आपल्या रक्तात रोगांशी झुंजणाऱ्या काही पेशी असतात. हा विषाणू नेमका त्यांचाच नाश करतो. गडाचे पहारेकरीच मारले गेले म्हणजे शत्रूला दार मोकळे. तसे मग क्षयासारखे रोग शरीरात घुसतात. ही शेवटची अवस्था म्हणजे एड्स. पण लागण होणे आणि एड्स होणे यांच्यामध्ये, औषध नसले तरी, बहुधा आठदहा वर्षे जातात. तेवढा काळ माणूस शेतात राबतो, वारीत चालतो, फुगड्या खेळतो. चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसत नाही. हे झाले आवरण. येथे साप असतो आणि दोरी दिसते. साप म्हणजे तो माणूस नव्हे बरे का; साप म्हणजे तो विषाणू.

आता विक्षेप पाहा. हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटा चारच. लागण झालेल्या व्यक्तीशी असुरक्षित शरीरसंबंध ही पहिली. तिचे दूषित रक्त अंगात भरले जाणे ही दुसरी. तिने वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली जाणे ही तिसरी. आणि लागण झालेल्या आईकडून पोटातल्या, जन्मणाऱ्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला, ही चौथी. याखेरीज पाचवी वाट म्हणून लोक जे जे सांगतात तो सर्व विक्षेप होय. हात धरल्याने, आलिंगन दिल्याने, पायांवर डोके ठेवल्याने हा रोग जडत नाही. एका पंक्तीला जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने, एका तंबूत निजल्याने, चंद्रभागेत शेजारी शेजारी बुडी मारल्यानेही जडत नाही. खोकल्याने नाही, घामाने नाही, डास चावल्यानेही नाही. आमच्या शास्त्रात कारण ठरविण्यास अन्वय-व्यतिरेक लावतात. हे असले तर ते होते, हे नसले तर ते होत नाही, असे दिसले तरच ते कारण. वर्षानुवर्षे या रोग्यांचे ताट वाढणारी, कपडे धुणारी, उशाशी बसणारी माणसे निरोगी राहिली आहेत. मग स्पर्श हे कारण ठरतेच कसे? आणि कारण नाही, तर विटाळ कशाचा?

येथे कोणी पूर्वपक्ष मांडील. 'महाराज, स्पर्शाने जडत नसेल; पण हे पापाचे फळ आहे. पाप्याची संगत कशाला?' त्याचे समाधान असे. नवरा परगावी राहून रोग घेऊन आला. त्याची बायको तुळशीला पाणी घालणारी, परपुरुषाकडे मान वर करून न पाहणारी. तिला त्याच्यापासून लागण झाली, तिच्यापासून पोटातल्या बाळाला. आता सांगा, तिचे पाप कोणते? बाळाचे कोणते? 'पूर्वजन्मीचे' असे उत्तर फार सोपे आहे. सोपे आहे म्हणूनच त्याची भीती वाटते. कर्मविचार शास्त्राने दिला तो स्वतःचे आचरण शोधण्यासाठी. शेजाऱ्याचा निवाडा करण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. आणि समजा, एखाद्याकडून चूक झालीही असेल. तहानेल्याला पाणी देताना आपण त्याचे चरित्र विचारतो काय?

या विक्षेपाचा परिणाम मात्र फार वाईट होतो. ताट वेगळे ठेवतात, सून माहेरी धाडतात, मुलाला शाळेत कोपऱ्यात बसवितात. हे दिसले म्हणजे ज्याच्या मनात शंका आहे तो तपासणीला जात नाही. तो लपवितो. लपविलेला रोग पुढच्याला जडतो. म्हणजे आपला विक्षेप त्याच्या आवरणाला खतपाणी घालतो. विटाळ पाळून रोग थांबत नाही. उलट विटाळाच्या आडोशाने तो वाढतो. म्हणून दूर ठेवण्यात धर्म नाही, असा आमचा निर्णय आहे.

मग धर्म कशात आहे? सावधपणात आहे. त्याचे पहिले अंग तपासणी. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रांत ती विनामूल्य होते, आणि नाव गुप्त ठेवतात. लागण होताच ती तपासणीत दिसेल असे नाही. म्हणून शंकेच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

दुसरे अंग उपचार. रोग समूळ घालविणारे औषध अजून सर्वसामान्य रोग्याच्या हाती आलेले नाही. जडीबुटीने मुळासकट काढतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. पण विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. २००४ पासून सरकार त्या फुकट देते, आणि २०१७ पासून लागण आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. पुष्कळांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते. हरिपाठ जसा नेमाने, तशी ही गोळी जन्मभर नेमाने. खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. २०११ साली अनेक देशांत मिळून चाललेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष जाहीर झाला. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्यात होती. औषध लवकर सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे दिसले. रक्तातील विषाणू तपासणीतही सापडू नये इतका दबला आणि तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही, हे आता सिद्ध आहे. आईचेही तसेच. उपचाराविना शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. नीट उपचार मिळाल्यास ते प्रमाण पाचाच्याही खाली येते. म्हणून गरोदरपणीची तपासणी कोणी टाळू नये.

तिसरे अंग प्रतिबंध. संयम आणि एकनिष्ठा हे आमचे पहिले सांगणे. पण वरच्या दृष्टांतातली बाई एकनिष्ठच होती ना? तिला तिच्या व्रताने राखले नाही, कारण नवऱ्याने सत्य सांगितले नाही. तेव्हा नुसता उपदेश करून मोकळे होता येत नाही. जेथे शंका तेथे निरोध वापरावा, हे सांगण्यात कीर्तनकाराने लाजू नये. जत्रेत गोंदवून घेताना सुई नवी आहे ना, हे पाहावे. रक्त घेणे ते मान्यताप्राप्त रक्तपेढीतूनच. दूषित सुई टोचली किंवा असा काही प्रसंग घडला, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, रुग्णालय गाठावे. २८ दिवस औषध घेऊन लागण टाळता येण्याचा पुष्कळ संभव असतो.

आपल्या संसदेने २०१७ साली या रोगासंबंधी कायदा केला. २०१८ च्या सप्टेंबरात तो अमलात आला. नोकरी, शाळा, दवाखाना, राहते घर यांत रोग्याशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. आणि ज्याला आपली लागण ठाऊक आहे, त्याने ती दुसऱ्याला होऊ नये म्हणून योग्य काळजी घ्यावी, असे कर्तव्यही घातले. कायद्याची ही दोन्ही टोके धर्मालाही मान्य आहेत. समाजाने हात सोडू नये आणि रोग्याने सत्य सोडू नये.

तेव्हा मंडळी, पुढच्या वारीत असा कोणी दिंडीत असेल, तर त्याचे पान पंक्तीतच मांडा. त्याची गोळीची वेळ झाली की आठवण करा आणि पाण्याचा तांब्या पुढे करा. आणि कोणाच्या मनात शंका घर करून असेल, तर त्याच्याबरोबर तपासणी केंद्रापर्यंत चालत जा. एकट्याने ती वाट चालवत नाही.