‘व्हाइब’ला कारण विचारा

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा किती जळला, वीज किती निघाली, याचा हिशेब तिथे ठेवला जातो. त्याच कोराडीतल्या जगदंबेचं दर्शन घेऊन बाहेर पडणारा भाविक सहज म्हणून जातो, ‘इथे काय पॉझिटिव्ह एनर्जी आहे!’ या एनर्जीला मीटर नाही. पण मीटर नाही म्हणून ती निव्वळ थाप ठरत नाही.

कुणाच्या घरी पाऊल टाकताच इथे नुकतंच वाजलंय हे कळतं. कुणी काही सांगितलेलं नसतं. सून मान वर न करता पोहे परतत असते, सासरे पेपरचं एकच पान धरून बसलेले असतात आणि ‘या, बसा’ जरा जास्तच मोठ्याने म्हटलं जातं. आपण हे सगळं क्षणात टिपतो. कशावरून टिपलं ते मात्र सांगता येत नाही. मग ‘व्हाइब्ज बरोबर नव्हत्या’ म्हणून मोकळे होतो. जाणवलेलं खरं असतं. चूक होते ती पुढे, ते हवेत किंवा भिंतींत भरून राहिलंय असं मानण्यात.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेले अनेक जण तिथल्या ऊर्जेबद्दल बोलतात. ती जागा १९५६ पर्यंत व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं एक मोकळं मैदान होती. मातीत काही असतं तर ते आधीही कुणाला तरी जाणवलं असतं. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी आधी स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग जमलेल्या लाखोंना दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्या दीक्षेच्या आठवणीत आजही दसऱ्याला पांढऱ्या साड्यांतल्या बाया लेकरांना घेऊन दूरदूरहून येतात, रस्त्याकडेला मुक्काम करतात. ठिकठिकाणी जेवण वाढलं जातं, पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी हटत नाही. अंगावर काटा येतो तो या माणसांमुळे, त्यांनी मोडलेल्या आणि जोडलेल्या गोष्टींमुळे. एमिल दर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ च्या ग्रंथात हेच मांडलं होतं: एकत्र जमलेल्या माणसांना आपल्याहून मोठं बळ जाणवतं आणि ते बळ ती एखाद्या वस्तूला किंवा चिन्हाला चिकटवून टाकतात.

एवढ्यावर थांबलं तर वाद फार नाही. पण व्हाइबवरून माणसांचा निवाडाही होतो. भाड्याने घर बघायला आलेल्या मुलाला ‘पूर्ण नाव काय?’ विचारलं जातं. आडनाव ऐकल्यावर चहा येतो, गप्पा होतात आणि दुसऱ्या दिवशी दलालाकरवी निरोप जातो की व्हाइब जुळली नाही. जात म्हटली असती तर जाब विचारता आला असता. व्हाइबला जाब कोण विचारणार?

याउलट, रात्री ऑटोत बसताना एखाद्या मुलीला काहीतरी खटकलं आणि ती उतरली, तर तिच्याकडे पुरावा मागू नये. तिने फार तर एक सवारी नाकारली. चुकली तरी नुकसान थोडं, बरोबर असेल तर जीव वाचला. घरमालकाच्या शंकेची किंमत मात्र दुसराच मोजतो, आणि तीही दारोदार. आपल्या मनात आलेल्या गोष्टीचा भुर्दंड दुसऱ्यावर पडणार असेल, तिथे कारण द्यावंच लागेल.

असं कारण बाबासाहेबांनीही दिलं होतं. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी नागपुरातच दीर्घ भाषण केलं. नागपूरच का निवडलं, हे त्यांनी नाग लोकांच्या इतिहासाच्या आधारे समजावलं. इथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आहे म्हणून नव्हे, हेही स्पष्ट केलं. समोरची माणसं आदल्या दिवशीच त्यांच्यामागे आली होती. भारावलेल्या लोकांनाही कारण कळलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. घर नाकारणाऱ्याने समोरच्या मुलाला निदान आपलं कारण तरी तोंडावर सांगावं. सांगताना जीभ अडली, तर आपल्या व्हाइबमागे काय होतं ते त्याचं त्यालाच कळेल.