उपचार संपल्यावर

प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं की घरचे म्हणतात, सुटलो! पण खोकला आला तरी कपडे ओले होतात, म्हणून अकलूजच्या बाजारात जाणंही एखादा पुरुष टाळू लागतो. ओटीपोटाखालचे स्नायू रोज आवळून सोडण्याच्या व्यायामाने बहुतेकांचा लघवीवरचा ताबा काही महिन्यांत परत येतो. हे मोकळेपणाने सांगायला हवं.

सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. अशीच नोंद घरीही हवी, आपल्या तपासण्यांची.

ग्रंथी काढल्यावर रक्तातल्या पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. पुढे तो चढू लागला, तर आजार उलटल्याची शंका वेळीच येते. म्हणून रिपोर्टांची फाईल तारखेनुसार लावावी. हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील, तर हाडांच्या तपासणीबद्दलही विचारावं.

आणि डॉक्टरांकडे जाताना पत्नीला सोबत न्यावं; शरीरसंबंधातल्या अडचणींवरही उपचार आहेत.